घरपोच रक्ततपासणीचं पॅकेज: सुई छान, प्रश्न कमी

पॅकेज असं होतं: ७२ चाचण्या, ९९९ रुपये, घरी येऊन रक्त नेणार, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाईलवर. भाच्याने लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, कर एकदा, सारखी दमलेय दमलेय म्हणतेस." लॅबचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही लॅबमध्ये घडू शकलं असतं. ते तसं का, ते वाचलंत की कळेलच.

मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ४६. त्रास दिवाळीपासूनच होता, पण बँक आणि पतसंस्थेतल्या माणसाला मार्च एंड होईपर्यंत आजारी पडायला सवड नसते. एप्रिलात बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि मी काउंटरवर स्वेटर घालून बसले होते. शिपाई येऊन विचारायचा, "मॅडम, एसी बंद करू?" बाकीचे माझ्याकडे खाऊ का गिळू असं बघायचे. वजन पाच किलो वाढलं होतं, भूक मात्र पूर्वीपेक्षा कमी. केसांचं तर विचारूच नका, न्हाणीघराच्या जाळीत रोज एक बुचका.

दोन गोष्टी मात्र अशा होत्या की त्यांचा थायरॉईडशी, म्हणजे गळ्यातल्या त्या ग्रंथीशी, संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. पहिली म्हणजे बोटं. नोटा मोजताना उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. स्पंजच्या डबीत बोट बुडवलं तरी ओलं झालंय की नाही ते कळायचं नाही. एकदा पाचशेच्या बंडलात ९९ निघाल्या की १०० यावर तीनदा मोजणी झाली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. रात्री हात झटकून झटकून झोपायचं. दुसरी गोष्ट आवाज. आमच्या भजनी मंडळात मी काळी पाचमध्ये गाते, म्हणजे गायचे. माघात पेटीवाल्या काकांनी न विचारताच खालची काळी चार धरली. मी बघितलं तर म्हणाले, "बसलाय तुमचा आवाज, थंडीचं असंल." थंडी गेली, आवाज तिथेच बसून राहिला.

आता लॅबबद्दल. बुकिंगला दोन मिनिटं लागली. आदल्या दिवशी कॉल सेंटरमधून मुलीचा फोन आला: बारा तास उपाशी राहा, पाणी चालेल. मी विचारलं, "सकाळी एक व्हिटॅमिनची गोळी असते माझी, ती?" ती म्हणाली, "हो मॅम, व्हिटॅमिन चालेल." हे वाक्य लक्षात ठेवा.

मुलगा सांगितलेल्या वेळेला, सात वीसला दारात. पायात मोजे, हातमोजे नवे, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, नळ्यांवर चिकटवलेलं नाव मला वाचायला लावलं. एकाच टोचणीत शीर सापडली. माझ्या शिरा हा आमच्याकडे चेष्टेचा विषय आहे. बाळंतपणात सिस्टरने चार ठिकाणी टोचलं होतं. या मुलाला पाचपैकी पाच. "उपाशी आहात ना काकू?" एवढंच त्याने विचारलं, फॉर्मवर तेवढाच रकाना होता. कापूस दाबून धरायला सांगून पुढच्या घरी गेला.

संध्याकाळी सहा वाजता १९ पानांचा रिपोर्ट आला. रंगीत, माणसाच्या शरीराचं चित्र, प्रत्येक अवयवापुढे हसरा किंवा रडका चेहरा. थायरॉईडपुढे हिरवा हसरा. टीएसएच ३.१, म्हणजे मर्यादेत. फ्री टी४ १.८, वरची मर्यादा १.७, म्हणून शेजारी छोटा एच, म्हणजे हाय. रडका चेहरा होता तो कोलेस्टेरॉलला, २६४.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट मोबाईलवर सरकवत सरकवत पाहिला. थायरॉईड नॉर्मल, टी४ जरासं वर आहे ते चालतंय, पाळी जायचं वय आलंय, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करा. माणूस चांगला आहे, वीस वर्षांची ओळख आहे, आणि बाहेर पंचवीस पेशंट होते. मी गोळी सुरू केली. आठवड्याभरात पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की पतसंस्थेचा जिना कठडा धरून चढायची.

मधल्या काळात लॅबचे फोन सुरूच. "मॅम, तुमचा टी४ वाढलेला दिसतोय, थायरॉईड ॲडव्हान्स पॅकेज घ्या, नऊ चाचण्या, फक्त २,४९९." एकदा तर आहारतज्ज्ञ म्हणून कोणी बोललं आणि तुमचा थायरॉईड जास्त काम करतोय, कोबी वाढवा म्हणालं. मला स्वेटर, वजन वर, आणि म्हणे जास्त काम करतोय! रिपोर्टवर विश्वास ठेवायचा की आरशावर, तेच कळेना.

शेवटी जावेच्या ओळखीने एका रविवारच्या डॉक्टरांकडे गेले. कोल्हापूरहून येतात, एक रविवार आड, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात, फक्त हार्मोनचे विकार बघतात. फी ७००. इथे तक्रार आधी नोंदवते: जिना अरुंद, खुर्च्या सहा, पेशंट चाळीस. माझा नंबर ३१. अडीच तास मी पायरीवर बसले होते, शेजारी एक गरोदर मुलगी होती, तिला मी माझी पायरी दिली तर ती म्हणाली, "काकू, दोन्ही सारख्याच आहेत." कंपाउंडर नावं अशी ओरडतो की बसस्टँडची आठवण यावी.

पण आत गेल्यावर डॉक्टरांनी माझी फाईल उघडलीच नाही. म्हणाले, "ते नंतर. आधी तुम्ही सांगा." मी सांगायला लागले आणि ते माझ्याकडे बघत राहिले, नुसतं ऐकत नव्हते, बघत होते. "घोगरेपणा कधीपासून?" "भुवया बाहेरच्या टोकाला पूर्वीपासून विरळ आहेत?" नाडी धरली, घड्याळात पूर्ण मिनिट मोजली: ५६. मग माझ्या मागे उभे राहिले, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली आणि ग्लास पुढे करून म्हणाले, घोट घ्या, गिळा. पुन्हा गिळा. थायरॉईडची ग्रंथी गिळताना वर सरकते, तेव्हा बोटांखाली ती नीट कळते. माझी थोडी मोठी होती, दुखत नव्हती, पण टणक, खोडरबरासारखी, आणि पृष्ठभाग एकसारखा नाही. वेगळी उठून दिसणारी गाठ लागली नाही म्हणून सोनोग्राफीची गरज नाही म्हणाले. माझे ८०० वाचले ते इथे.

मग मला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठ त्यांच्याकडे करून, भिंतीकडे तोंड करायला लावलं. पावलं खुर्चीबाहेर लोंबत होती. टाचेच्या वरच्या दोरीसारख्या कंडरेवर रबरी हातोडी टक्कन मारली. पाऊल झटक्यात खाली गेलं, ते बरोबर. पण परत यायला वेळ लावला, गंज लागलेलं शटर कुरकुरत यावं तसं. डॉक्टर म्हणाले, "हे बघा." आणि आरसा धरून मला माझंच पाऊल दाखवलं. पाचवी-सहावीतल्या मुलाला प्रयोग दाखवावा तसं. मी आत्तापर्यंत जितक्या दवाखान्यांत गेले, तिथे कुणी मला माझं काही दाखवलं नव्हतं.

घरात कुणाला काय, हेही विचारलं. आईला थायरॉईडची गोळी होती. "आणखी?" मी म्हणाले, आणखी काही नाही, मग आठवलं, मावशीला हातावर कोड आहे. त्यांनी ते लिहून घेतलं. मी म्हटलं, कोडाचा काय संबंध? तर शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा आपल्याच अवयवावर उलटते, असे जे आजार आहेत त्यात कोड येतं, लहानपणीचा मधुमेह येतो, बी१२ शोषू न देणारा एक पांडुरोग येतो, आणि थायरॉईडचे मंद आणि भडकलेला असे दोन्ही प्रकार येतात. घराणं एक असतं, खोल्या वेगळ्या.

एवढं सगळं झाल्यावर फाईल उघडली. थायरॉईडच्या पानावर पेनाचं टोक ठेवून थांबले. "हे दोन आकडे एकमेकांशी बोलत नाहीत." समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत असं: टीएसएच म्हणजे मेंदूतल्या ग्रंथीने थायरॉईडला पाठवलेली मागणी, टी४ म्हणजे आलेला माल. माल कमी पडला की मागणी वाढते, माल जास्त झाला की मागणी बंद होते. माझा माल मर्यादेपेक्षा जास्त दाखवत होता आणि मागणी अजून निवांत चालूच. आणि बाई समोर गारठून बसलेली. रोजकीर्द जुळत नसेल तर आम्ही खातेदाराला दोष देत नाही, आधी व्हाउचर तपासतो. त्यांनीही तेच केलं.

"केसांसाठी काही घेता?"

मी पर्समधून डबी काढली. चघळायच्या गुलाबी गोळ्या, ऑनलाइन मागवलेल्या, सकाळी एक. डबीवर बारीक अक्षरात बायोटिन १० मिलिग्रॅम. डॉक्टर म्हणाले, माणसाला दिवसाला लागतं ते साधारण ३० मायक्रोग्रॅम. मी कॅशियर आहे, गुणाकार डोक्यातच झाला: तीनशे पटींहून जास्त. गोळीने अपाय झाला नव्हता, केसही आले नव्हते. पण बऱ्याच लॅबमधल्या यंत्रांत हार्मोन पकडायला बायोटिनचाच डिंकासारखा उपयोग करतात. रक्तातच बायोटिन भरलेलं असलं की डिंकाच्या जागा आधीच अडतात. मग टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी४ खोटं जास्त. थायरॉईड मंद असलेल्या बाईचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि नॉर्मल बाईचा रिपोर्ट थायरॉईड भडकल्यासारखा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. मी ती गोळी साडेसहाला चघळली होती आणि रक्त सात वीसला दिलं होतं. "हो मॅम, व्हिटॅमिन चालेल."

पाच दिवस गोळी बंद करून, सकाळी, दुसऱ्या लॅबमध्ये फक्त तीन चाचण्या करायला सांगितल्या. टीएसएच, फ्री टी४ आणि थायरॉईडवर उलटलेली प्रतिपिंडं शोधणारी अँटी टीपीओ. सकाळीच का, तर टीएसएच रात्री-पहाटे चढं असतं आणि दुपारी उतरतं, त्यामुळे पुढच्या वेळी तुलना करायची तर वेळ एकच हवी. २,४९९ च्या पॅकेजमधल्या बाकीच्या सहा चाचण्यांचं काय, असं मी विचारलं. टी३, म्हणजे थायरॉईडचं दुसरं हार्मोन, मंद थायरॉईडमध्ये बरेच दिवस नॉर्मल राहतं, त्यावरून निदान होत नाही, आणि रिव्हर्स टी३ वर खर्च करू नका, एवढंच म्हणाले.

निकाल: टीएसएच १७.४. फ्री टी४ ०.६८, खालची मर्यादा ०.९. अँटी टीपीओ ४८६, मर्यादा ३४. एप्रिलातला हिरवा हसरा चेहरा आठवला आणि मला एकटीलाच हसू आलं.

कागदावर लिहिलं: हाशिमोटो. मला वाटलं जपानी स्कूटर. तर हाकारू हाशिमोटो नावाचे शल्यविशारद होते, त्यांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या कापून काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यात पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या आढळल्या. लेख जर्मन भाषेत छापला. हे शरीराचं स्वतःवरच उलटणं आहे हे कळायला १९५६ उजाडलं, तेव्हा लंडनमध्ये अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. अँटी टीपीओ ही त्याच जातीची चाचणी. हाशिमोटोच्या दहापैकी नऊ जणांत ती वाढलेली असते. पण धडधाकट माणसांतही काहींची वाढलेली निघते, म्हणून नुसत्या त्या एका आकड्यावर गोळी सुरू करत नाहीत. आणि एकदा वाढलेली आली की पुन्हा पुन्हा करायची नाही, त्या आकड्यावरून डोस ठरत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या कॉलनीत दोघी जणी दर तीन महिन्यांनी ती करतात आणि आकड्यांची तुलना भिशीत करतात.

भिशीतल्याच तिसरीचं उलटं आहे. वजन उतरलेलं, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळे मोठे दिसायला लागले. तिला ग्रेव्हज, तिची प्रतिपिंडं थायरॉईडला सारखं चालू ठेवतात. त्याची चाचणी वेगळी, औषध वेगळं. पण आम्हा चौघींनाही लोक एकच म्हणतात, "हिला थायरॉईड आहे." डॉक्टरांकडे मीही तसंच म्हणाले होते. ते म्हणाले, "थायरॉईड मलाही आहे, तो सगळ्यांना असतो. तुमचा बिघडलाय."

कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी तूर्त थांबवली. थायरॉईड मंद असला की कोलेस्टेरॉल आपोआप चढतं, आणि अशा अवस्थेत ती गोळी स्नायूंना जास्त त्रास देऊ शकते. म्हणजे पोटऱ्यांचंही उत्तर मिळालं. खरं सांगायचं तर ७२ चाचण्यांतला तो २६४ चा आकडा खोटा नव्हता. लॅबने खूण दाखवली होती, फक्त भलत्या खोलीच्या दारावर.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडणाऱ्या टी४ चीच गोळी, ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू केलं. बाटलीत शंभर गोळ्या, डबाबंद, स्वस्त. पथ्य औषधाहून महाग: सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी, नंतर किमान अर्धा-पाऊण तास चहा नाही. कराडमध्ये सकाळी साडेसहाला घरात आल्याच्या चहाचा वास सुटलेला असताना पाऊण तास बसून दाखवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर, म्हणून त्या रात्रीवर ढकलल्या. जावेने सैंधव आणून दिलं होतं, ते परत केलं. साधं आयोडीनयुक्त मीठ नेहमीच्या प्रमाणात चालू. शिजवलेल्या कोबीला बंदी नाही, फुकटच्या आहारतज्ज्ञांनी नोंद घ्यावी.

सहा आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. आधी करायचं नाही, रक्तातली पातळी स्थिरावायलाच तेवढे दिवस जातात. ६.८ आलं, डोस ७५ केला. त्यानंतरच्या खेपेला २.४. बोटांची बधिरता आधी गेली, श्रावणापर्यंत नोटा पहिल्यासारख्या. स्वेटर कपाटात. वजन पाचातलं दोनच किलो उतरलं, बाकीचं तीन किलो माझं स्वतःचं निघालं. आवाजाला सगळ्यात उशीर लागला. कोजागरीला पेटीवाल्या काकांनी काळी चार धरली, मी मान हलवली, त्यांनी बोट पुढे सरकवलं.

आता तारे. डॉक्टरांना साडेचार. अर्धा जिन्यासाठी कापला, तो खुर्च्या वाढवल्या की देईन.

लॅबला मी दोन देणार होते. यंत्रात चूक नव्हती, सुईत नव्हती, वेळेत नव्हती. पण ७२ चाचण्या विकणाऱ्याने एक प्रश्न विचारायला काय जातं? तुम्ही कुठल्या गोळ्या घेता, एवढा एक रकाना. १९ पानं छापता, त्यात अर्धं पान आधी. कॉल सेंटरच्या मुलीला "व्हिटॅमिन चालेल" असं सांगायला शिकवणारा कोण आहे तो मला भेटवा. आणि निदान रिपोर्टवर हसरे चेहरे छापणं तरी थांबवा. मी तक्रारही लिहिली होती. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे" असं उत्तर आलं आणि पाठोपाठ दिवाळी ऑफर.

तरीही सहा महिन्यांनी टीएसएच करायची वेळ आली तेव्हा त्याच लॅबला बोलावलं, कारण घरी येतात आणि एकट्या टीएसएचला पैसेही बेताचे लागतात. आला तोच मुलगा. मी त्याला दारातच सगळी कथा ऐकवली, गुलाबी डबीसुद्धा दाखवली. त्याने डबीचा फोटो काढला. "आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही काकू," म्हणाला, आणि रक्त घेऊन गेला.

परवा आमच्या वरच्या मजल्यावर आला होता, जोशीकाकूंचं रक्त घ्यायला. जिन्यात चपला काढतानाचा त्याचा आवाज खालपर्यंत आला: "काकू, उपाशी आहात ना? आणि केसांच्या, नखांच्या काही गोळ्या?" जोशीकाकू म्हणाल्या, "अरे, माझे केस उरलेत कुठे?"

लॅबला तीन. तिसरा त्या मुलाचा आहे.